पाहुणे म्हणून या, तारणारे म्हणून नको

थंडी पडली की पत्रं सुरू होतात. परदेशातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाला भारतात सेवा करायची असते. पंधरा पोरं-पोरी, दोन मोठी माणसं, दहा दिवस. शाळेची भिंत रंगवायची, वसतिगृहातल्या मुलांशी खेळायचं, एखादं आदिवासी गाव पाहायचं. पत्र आलं की अमरावती-अकोल्याच्या मिशन कंपाउंडात धावपळ उडते. खोल्या झाडल्या जातात, गाड्या ठरतात, पाण्याचे जार येतात, लेकरांना स्वागताची गाणी पाठ करायला बसवतात. पाहुण्यांच्या पायी त्यांचा अभ्यास बुडतो, स्वयंपाकघरातल्या बाया रात्री अकरापर्यंत राबतात. मग सेवा नेमकी कोणी कोणाची केली?

मी थेट सांगतो. दहा दिवसांत सेवा होत नाही, भेट होते. भेट ही चांगली गोष्ट आहे. वऱ्हाडी माणूस पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाही, पुढेही देणार नाही. पण भेटीला सेवा म्हणून खपवलं की येणाऱ्याची फसगत होते आणि ज्याच्याकडे तो येतो त्याचा अपमान होतो.

परदेशी सेवक वऱ्हाडला नवे नाहीत. अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी १८७० च्या दशकात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, कोरकू आदिवासींमध्ये काम करायला आले. मार्कस आणि जेनी फुलर हे जोडपं १८८० च्या दशकात अकोल्यात स्थिरावलं. पुढे अलायन्स मिशनचं काम याच अकोल्यातून वऱ्हाड आणि खानदेशात पसरलं. जेनीबाईंनी इथल्या बालवधूंचं आणि विधवांचं जिणं जवळून पाहिलं आणि त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १९०० मध्ये निघालं, प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. त्याच वर्षी जेनीबाई गेल्या. धर्मांतराच्या हेतूवरून या मंडळींशी वाद घालता येतो, घालावा. पण ही माणसं परतीचं तिकीट खिशात ठेवून आली नव्हती, एवढं त्यांच्या विरोधकालाही मान्य करावं लागेल.

त्या काळात वऱ्हाडवर काय कोसळलं होतं ते आठवा. १८९६-९७ चा दुष्काळ, आणि त्यातून उठतो न उठतो तोच १८९९-१९०० चा. १९०१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या २७,५४,०१६ भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी काढली, आणि १९०० च्या उन्हाळ्यात ‘क्विटो’ नावाची बोट दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईला निघाली. ही खरी मदत होती. पण बंदरात आलेलं धान्य भुकेल्या तोंडापर्यंत पोचवायला गावोगावचे रस्ते, तिथली माणसं आणि भाषा ठाऊक असलेलं कोणीतरी लागतं. ते वर्षानुवर्षं राहिलेल्यालाच जमतं. अनाथ पोरं अकोल्यात आणि पोरी खामगावात सांभाळल्या गेल्या, त्या आधीपासून इथं बिऱ्हाड करून राहिलेल्या माणसांच्या जिवावर.

तरुणांना परदेशी सेवेला धाडण्याची जी मोठी चळवळ अमेरिकेत उभी राहिली, तिच्या मुळाशीही एक आपल्याकडचा जन्म आहे. रॉबर्ट वाइल्डर १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मले. वडील रॉयल वाइल्डर तिथले मिशनरी. रॉबर्ट अमेरिकेत शिकले आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथं जमलेल्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी परदेशी जाण्याचा प्रश्न ठेवला. अडीचशेच्या आसपास पोरं होती, त्यातल्या शंभरांनी नावं दिली. पुढच्या काही दशकांत या चळवळीतून सुमारे वीस हजार तरुण जगभर गेले. ती शपथ सुटीतल्या सहलीची नव्हती, आयुष्याची होती. आज त्याच परंपरेचं नाव घेऊन दहा दिवसांचा कार्यक्रम आखला जातो.

आता एक साधा हिशेब करू. एका पोराचं तिकीट, व्हिसा, विमा, राहणं, खाणं, फिरणं मिळून दोन लाख रुपये धरा. पंधरा जणांचे तीस लाख. मेळघाटातल्या एखाद्या दवाखान्यात नर्सला महिन्याला २५,००० रुपये पगार धरला, तर वर्षाचे होतात तीन लाख. म्हणजे दहा दिवसांच्या एका दौऱ्यात एका नर्सचा दहा वर्षांचा पगार जातो. तीच नर्स दहा वर्षांत किती बाळंतपणं निभावेल, किती लेकरांचं वजन नोंदवेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

हा प्रश्न मिशनच्या विरोधकांनीच काढलाय असं कोणी समजू नये. कर्ट व्हेर बीक हे स्वतः ख्रिस्ती, एका ख्रिस्ती कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ आणि होंडुरासमध्ये राहणारे. १९९८ च्या मिच वादळात तिथली घरं वाहून गेली. काही घरं तिथल्या संस्थांनी बांधली, काही उत्तर अमेरिकेहून आलेल्या चर्चच्या गटांनी. व्हेर बीक यांनी दोन्हीकडची कुटुंबं गाठली. एका घराला तिथं साधारण दोन हजार डॉलर लागत होते, आणि बांधायला आलेल्या एका गटाचा प्रवासासकट खर्च तीस हजारांच्या घरात जात होता. घर मिळालेल्या माणसाच्या आयुष्यात मात्र ते कोणी बांधलं यानं फरक पडला नव्हता. जाऊन आलेल्यांच्या पुढच्या आयुष्यातही फार मोठा, टिकाऊ बदल दिसला नाही.

यावर मिळणारं उत्तर मला माहीत आहे. पोरं जातात म्हणून लोक खिशात हात घालतात, पोरं गेली नसती तर तो पैसा आलाच नसता. बरोबर आहे. मग तो खर्च पोरांच्या शिक्षणाच्या खात्यात लिहा. शिक्षणावर खर्च करण्यात लाज कसली? पण तो वऱ्हाडच्या गरिबाच्या नावावर टाकू नका. तो रुपया गरिबानं मागितला नव्हता, आणि त्याच्या हाती पडलाही नाही.

आता कामाकडे बघू. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं, तेही कुष्ठरुग्णांसाठीच. कुष्ठरोगाचा औषधोपचार सौम्य प्रकारात सहा महिन्यांचा, तीव्र प्रकारात बारा महिन्यांचा असतो. औषध संपलं तरी बधिर झालेल्या पायाची काळजी जन्मभर घ्यावी लागते. रोज पाय पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, जखम तपासायची, मऊ रबराची चप्पल घालायची. हे त्या माणसाला शिकवणारा, तो विसरला की पुन्हा सांगणारा, त्याच्या घरच्यांची समजूत घालणारा कोणीतरी कायम तिथं असावा लागतो. सर्वांत लहान उपचारही सहा महिन्यांचा असताना दहा दिवसांचा स्वयंसेवक त्यात कुठं बसतो?

मेळघाटातलं कुपोषण असंच आहे. गंभीर कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण चौदा दिवस ठेवतात. खरी लढाई ते घरी गेल्यावर सुरू होते. आईच्या हातचं काम, पाळणाघर नसलेलं गाव, भुमका-परिहार या गावच्या वैदू-मांत्रिकांवरचा विश्वास, पावसात तुटणारा रस्ता, या सगळ्यांशी महिनोन्महिने झुंजावं लागतं. आणि दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं मजुरीसाठी अमरावती-अकोल्याकडे, वीटभट्ट्यांवर, हरभऱ्याच्या वावरांत निघून जातात ती होळीलाच परततात. ज्या गावातला माणूस रोजीसाठी गाव सोडतो, त्याच गावात परदेशी पोरं शाळेची भिंत फुकट रंगवतात. ब्रश त्या माणसाच्या हाती द्या आणि रोजी द्या! भिंतही रंगेल, चूलही पेटेल.

याच मेळघाटात मुक्काम केलेले डॉ. रवींद्र कोल्हे मूळचे शेगावचे. बैरागडला गेले तेव्हा धारणीहून चाळीस किलोमीटर पायी जावं लागे. फी पहिल्या तपासणीला दोन रुपये, पुढच्या वेळी एक रुपया. २०१९ मध्ये त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली. डॉ. कोल्ह्यांनी सांगितलंय की त्यांच्या मनात दुर्गम गावाची वाट पक्की झाली ती डेव्हिड वर्नर यांच्या, डॉक्टर नसलेल्या गावांसाठी लिहिलेल्या पुस्तकामुळे. हे वर्नर कोण? जीवशास्त्र शिकवणारे अमेरिकन. साठच्या दशकात मेक्सिकोतल्या डोंगरी गावांत गेले आणि तिथंच रमले. गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं, आणि त्या अनुभवातून १९७३ मध्ये स्पॅनिशमध्ये ते पुस्तक आलं. मेक्सिकोच्या डोंगरात मुक्काम केलेल्या एका माणसाची शिदोरी मेळघाटात उघडली गेली. परदेशी सेवा अशीही पोचते. मात्र तिची पहिली अट मुक्काम ही आहे.

त्याच मेक्सिकोत, कुएर्नाव्हाका इथं, १९६८ मध्ये इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूनं उन्हाळी सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावलं होतं. भाषणाचा मथितार्थ असा, की पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. ऐकणाऱ्यांना झोंबलं असेल. पण आपल्याला न समजणाऱ्या समाजाचं भलं करायला निघणं ही चांगल्या मनाचीही आगळीक असते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवंच होतं. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी ते आपल्याकडूनही सांगितलं जायला हवं.

कोणी म्हणेल, गाडगेबाबा तरी एका गावात किती दिवस राहत? आज इथं, उद्या तिथं. मुद्दा खरा आहे आणि वऱ्हाडात तो टाळता येत नाही. बाबांचा जन्म शेंडगावचा, अखेरचा श्वास २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ. गावात शिरले की आधी झाडू, मग भाकर, मग कीर्तन. पण बाबा गावकऱ्याच्या बोलीत बोलत. त्याचे देव, त्याचं कर्ज, त्याची दारू, त्याची लाज त्यांना आतून ठाऊक होती. लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. काम केल्याशिवाय अन्न घेत नसत, पाया पडू देत नसत. त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः कुठल्याच धर्मशाळेचे मालक झाले नाहीत. त्यांचा मुक्काम एका गावात नव्हता, या समाजात होता. दहा दिवसांच्या पाहुण्यानं बाबांचा दाखला देऊ नये.

आणि मुक्काम काय असतो हे आपल्या माणसांनीही परदेशी दाखवलंय. १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, तिथल्या डॉक्टरांना शिकवलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. चीन त्यांना अजून विसरलेला नाही.

आपल्या घरचं उणंही काढलं पाहिजे, नाहीतर हे लिहिणं लबाडीचं होईल. आपल्या कॉलेजांतलं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर सात दिवसांचं असतं. सात दिवसांत एक शोषखड्डा, एक प्रभातफेरी, पन्नास रोपं, एक समारोप. त्या रोपांना मे महिन्यात पाणी कोण घालतं? कंपन्यांचे सेवा-दिवस, मंडळांची ब्लँकेटवाटपं, वाढदिवसाला अनाथालयात कापलेले केक, सगळं त्याच जातीचं. आणि अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. आपल्याच तरुण संघांतले किती जण कोठाऱ्याच्या रुग्णालयात सलग महिनाभर राहिलेत? बाहेरच्यांना बोल लावायचा अधिकार कमवावा लागतो.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या मंडळ्यांना, पाळकसाहेबांना आणि संस्थाचालकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. पत्राला नकार देऊ नका. अटी घाला.

पहिली अट. एका वर्षापेक्षा कमी काळासाठी येणारा पाहुणा आहे. तो कामाच्या यादीत नाही, शिकणाऱ्यांच्या यादीत बसेल. रुग्णालयात मागे उभा राहील, वावरात कापूस वेचायला जाईल, बायांकडून भाकरी थापायला शिकेल, रात्री प्रश्न विचारेल.

दुसरी अट. येण्याआधी तीन महिने मराठी. मेळघाटात जायचं असेल तर कोरकूचीही तोंडओळख. कोरकू ही मराठीची बोली नाही, मुंडा कुळातली वेगळी भाषा आहे, आणि ती शिकायला कोरकू माणसापुढे विद्यार्थी होऊन बसावं लागतं. ते बसणंच अर्धं शिक्षण आहे.

तिसरी अट. इथला मिस्त्री, रंगारी, मजूर ज्या कामाची रोजी घेतो, ते काम पाहुण्यानं करायचं नाही. पाहुण्याला घाम गाळायचाच असेल तर तो इथल्या मिस्त्रीच्या हाताखाली गाळावा, आणि मिस्त्रीला त्याची रोजी मिळावी.

चौथी अट. लेकरांचे फोटो काढायचे नाहीत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याची बंदी आहे. पण कायदा नसता तरी हेच म्हटलं असतं. दहा दिवस मांडीवर घेतलेलं लेकरू अकराव्या दिवशी दाराकडे बघत बसतं. दर हिवाळ्यात नवी माया लावून तोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पाचवी अट. सेवा आणि धर्मप्रसार एका ताटात वाढू नका. पर्यटक व्हिसावर धर्मप्रसाराला परवानगी नाही, हे येणाऱ्याला आधीच स्पष्ट लिहून कळवा. औषधाच्या पुडीबरोबर पत्रक देऊ नका. त्यानं औषधावरचा विश्वास जातो आणि श्रद्धेचीही शोभा जाते. आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जोरात सांगतो. कुष्ठरुग्णाची जखम धुणाऱ्याच्या दारात घोषणा देत जमाव नेणाऱ्यांनी आधी एक आठवडा ती जखम धुवून दाखवावी. जखमेला हात न लावता नर्सच्या धर्माची चौकशी करणं हे भ्याडपण आहे.

सहावी अट सर्वांत महत्त्वाची आहे. जितके इकडे येतील तितके इकडून तिकडे जातील. खर्च बोलावणाऱ्यांचा. अमरावतीची नर्स, अकोल्याचा फिजिओथेरपी शिकणारा पोट्टा, धारणीची कोरकू आरोग्यसेविका तिकडच्या रुग्णालयात, वृद्धाश्रमात सहा महिने शिकतील आणि शिकवतीलही. तिकडच्या एकाकी म्हाताऱ्यांना कोरकू पोरीकडून मिळण्यासारखं पुष्कळ आहे. हे स्वप्न नाही. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्तानं जर्मनीला गेलं, कबड्डीसारखे देशी खेळ जगाला दाखवून आलं. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळ पोचलं. परतंत्र देशातली पोरं नव्वद वर्षांपूर्वी देण्यासारखं काही घेऊन समुद्र ओलांडून गेली. आज अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला विमान उडतं आणि आपण फक्त स्वागताला उभे राहतो. तिकडच्या पोराला इथला व्हिसा सहज मिळतो, इथल्या पोरीला तिकडचा मिळेलच याची खात्री नसते. बोलावणाऱ्या मंडळीनं आपल्या सरकारकडे त्यासाठी भांडावं. तीच त्यांची आपल्यासाठी केलेली पहिली खरी सेवा ठरेल.

या अटी वाचून काही गट येणार नाहीत. येऊ नयेत. त्यांच्या न येण्यानं मेळघाटातलं एकही लेकरू उपाशी राहणार नाही. काही गट मात्र या अटींसकट येतील, आणि त्यातला एखादा कोणी वर्षभर राहील, भाषा शिकेल, चुकेल, रडेल, पुन्हा येईल. त्या एकासाठी आपलं दार उघडं हवं.

तेव्हा पुढचं पत्र आलं की घाईनं खोल्या झाडू नका. आधी वसतिगृहाच्या अधीक्षिका, रुग्णालयातल्या नर्सा, कोरकू गावातले दोन जाणते आणि स्वयंपाकघरातल्या बाया यांना एका सतरंजीवर बसवा. हे पाहुणे आले तर आपल्याला काय हवं, हे त्यांना विचारा. ते जे सांगतील ते कागदावर उतरवा, या सहा अटी खाली जोडा, मंडळीच्या सभेत वाचून दाखवा आणि मगच परदेशी टपाल टाका. उत्तर आलं तर पाहुण्याचं स्वागत करू. नाही आलं, तर आपलाच तरुण संघ या नाताळनंतर महिनाभरासाठी कोठाऱ्याला जाऊ द्या.